मशीनवरचं पांघरूण

मेलेल्याचा फोटो भिंतीवर लागला नाही, तर घानातल्या आमच्या कुमासी शहरात त्याला धड निरोप मिळाला असं कुणी मानत नाही. मयताची ती पोस्टरं छापायचं दुकान माझं आणि माझा दीर येबोआ याचं. आमच्या गिऱ्हाईक आंतविवा आजींच्या वारलेल्या बहिणीचा एकमेव फोटो आमच्या कॉम्प्युटरात उरला होता, कारण आजींचा फोन बाजारात चोरीला गेलेला. आणि ऐन दफनाच्या तोंडावर कॉम्प्युटर बंद पडला.

मी गिऱ्हाइकांसमोरच तोंड सोडलं. "रात्रंदिवस चालू ठेवता, भावजी. माणसालाही विसावा लागतो. मारलंत ना त्याला?"

"सारखं चालू राहिलं म्हणून मरत नाही ते, वहिनी. उलट आपल्याकडे वीज जाते-येते, त्यानंच जास्त झिजतं."

"मग कशानं मेलं? माझ्या शापानं?"

लोक हसले. आजी कोपऱ्यात डोळे पुसत होत्या.

दुरुस्तीवाल्या दाबोनं खोकं उघडलं. "भाजून निघालंय हे. फोटो विसरा. चालू असताना यावर काही झाकत होता का? हवाच मिळाली नाही याला."

हरमटानचं धुळीचं वारं सुटलं की आमच्याकडे टीव्ही, फ्रिज, सगळ्यावर विणलेली पांघरुणं पडतात. कॉम्प्युटरचं मी स्वतः विणलं होतं, लाल, जाड. "चालू असताना तरी काढा," येबोआ म्हणाला होता. "तुमच्या आईनं वस्तू जपायला शिकवलं नाही वाटतं," असं मी त्याला सुनावलं होतं.

पांघरूण टेबलावर नव्हतं. येबोआच्या पिशवीतून त्याचं लाल टोक डोकावत होतं.

"काही नव्हतं झाकलेलं," तो दाबोला म्हणाला. "मीच सारखं चालू ठेवायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी बोलले नाही.

दफनाच्या दिवशी पोस्टरवर नुसतं नाव होतं, वर रिकामी चौकट. आजींनी माझा हात हातात घेतला. "तुझा दीर बेफिकीर. तू मात्र जपायचीस गं त्या मशीनला. लेकरासारखं झाकून ठेवायचीस, मी पाहिलंय ना."

सगळे येबोआकडे बघायला लागले. तो खाली मान घालून उभा.

"आजी," मी म्हटलं, "त्या झाकण्यानंच मेलं ते."

आजी रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.