माझं बूच कुठे आहे?

मित्रांनो, पाठ शेकायची लाल रबरी पिशवी तुमच्याही घरात असेल. तशीच मी एक, जुनी आणि जरा तोंडाळ. आपली जीवनकहाणी गोड आवाजात सांगायची असते म्हणे. मला ते जमायचं नाही. माझ्या पोटात कढत पाणी ओततात, सरबत नव्हे.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा काय तोरा होता माझा! मानेला घट्ट आट्यांचं काळं बूच. तपासणाऱ्या बाईने मला पाण्याने भरलं, उलटं टांगलं, दाबलं, पिळलं. एक थेंब गळला नाही. "ही पास," ती म्हणाली. माझं शिक्षण तेवढंच, पण त्यात मी पहिली आले.

मग एका घरात आले आणि त्या घराची झाले. सासूबाईंची कंबर, धाकटीचं दुखणारं पोट, थोरल्याचा मुरगळलेला पाय, सगळं माझ्याच जिवावर. सासूबाई मला पदराखाली घेऊन म्हणायच्या, "पोरं विचारत नाहीत, ही तरी विचारते." घरची वहिनी मला फडक्यात गुंडाळून द्यायची, भाजू नये म्हणून. खोटं कशाला बोलू, त्या काळी तिचा हात मायेचा होता.

पुढे विजेवर शेकायची गादी आली. बटण दाबलं की गरम. मी खुंटीवर गेले, खुंटीवरून माळ्यावर. त्याचं मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. राग पुढे आहे.

एकदा न्हाणीघरातल्या बेसिनची गुडदी हरवली. वहिनीने माळ्यावर हात घातला, माझं बूच फिरवून काढलं, त्याला चिंधी गुंडाळली आणि बेसिनच्या भोकात ठोकून बसवलं. "बघा, कसं चपखल बसलं!" सगळ्यांनी तिच्या डोक्याचं कौतुक केलं. माझी मान उघडी राहिली, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग नदी फुगली. आमच्याकडे नाही, खाली, लांबच्या वस्तीत. टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसं दिसत होती आणि आमच्याकडे चहाचे कप हातातच राहिले होते. वहिनीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आपणही काहीतरी द्यायलाच हवं," ती म्हणाली आणि कपाट उघडलं.

काय निघालं त्यातून? चेन तुटलेली पँट. एका पायाची सँडल. कुबट वासाचं स्वेटर. लग्नात घालायचा टिकल्यांचा झगा. आणि माळ्यावरून काढलेली मी.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिचं बूच?"

"ते बेसिनला लावलंय ना, आई. आता कोण काढत बसणार? लावतील ते काहीतरी. संकटातल्या माणसाला काय, मिळेल ते चालतं."

मित्रांनो, हे वाक्य मी विसरलेले नाही. माझं रबर विटेल, फाटेल, पण ते वाक्य जायचं नाही.

ट्रकमधून मी एका शाळेत उतरले. बाकं भिंतीला लावून वर्गात माणसं झोपली होती. त्यात पिठाच्या गिरणीची मालकीण होती, सगळे तिला गिरणीवाली आजी म्हणत. भिजल्या अंगाने छपरावर बसून तिची कंबर धरली होती. बसवेना, आडवं होववेना, दात वाजत होते. तिची सून कपड्यांचा ढीग उपसत होती. तिच्या हाताला मी लागले.

"आई! शेकायची पिशवी मिळाली!"

काय तो चेहरा उजळला होता! मीही फुगले. अंगणात चुलीवर पाणी उकळतच होतं. ती धावत गेली, पाणी आणलं, मला भरलं आणि बूच शोधू लागली. ढीग पुन्हा उपसला. पँटचे खिसे पाहिले, झगा झटकला. शेवटी मोज्याचा बोळा कोंबला आणि मला आजीच्या कमरेशी ठेवलं.

बोळा निघाला. घरातून वाचलेली एकच कोरडी चादर, तीही भिजली.

सून मट्‌कन खाली बसून रडू लागली. आजी मात्र कण्हत म्हणाली, "ऊठ. घर गेलं तेव्हा रडले नाही मी. आता काय बुचासाठी रडायचं?"

तिथे जेवण वाढणारा एक वाढपी जवळच होता. "जाऊ द्या हो, आजी. लोकांनी प्रेमाने पाठवलंय."

"प्रेम असं बुचाशिवाय कोण पाठवतं रे बाबा? पूर आमच्या घरात शिरलाय, अक्कल नाही वाहून गेली."

खरं सांगते, सगळीच माणसं तशी नसतात. त्याच ढिगात कुणाचं तरी गाठोडं होतं. त्यात धुतलेली, घडी घातलेली चादर, साबणाची नवी वडी आणि नेलकटर. पाठवणाऱ्याने डोळे मिटून क्षणभर त्या वर्गात बसून पाहिलं असणार. ती चादर सुनेने आजीखाली घातली.

मग तिने मला पुन्हा भरलं. माझी मान दुमडून मुठीत आवळली आणि तशीच सासूच्या कमरेशी बसून राहिली. एक हात भाजला की दुसरा. मी तिला कसं सांगू की सोड, बाई? सोडलं असतं तर आजी भिजली असती. हळूहळू आजीचे दात वाजायचे थांबले, डोळा लागला. सुनेचे दोन्ही तळवे लालबुंद झाले होते. जिला कारखान्यात थेंब गळला नाही म्हणून पास केलं, तिच्यासाठी एका बाईचा हात बूच झाला. आणि माझं खरं बूच? ते धडधाकट बेसिनमध्ये बसून कुणाचे तरी हातरुमाल भिजवत होतं.

पुढे तिथल्या सुताराने मला बुचाच्या जागी लाकडी खुंटी करून दिली. त्या एकट्या सँडलचा पट्टा कापून तिला गुंडाळला. आता मी गळत नाही. आजीबरोबर तिच्या घरी राहते. ओल्या भिंती, पण घर आहे. आजी रोज मला शेकायला घेते आणि रोज त्या दात्यांना एक तरी टोला देते. मला ते ऐकायला फार आवडतं.

तेव्हा मित्रांनो, पुन्हा कुठे पाणी चढेल, जमीन हलेल, आणि तुम्ही कपाट उघडाल. त्या वेळी आधी ती वस्तू स्वतः वापरून बघा. तुमच्या आईच्या कमरेला चालेल का, विचारा. चालत नसेल तर कचरापेटी दाराशीच आहे.

आणि चालत असेल, तर उठा, बेसिनपर्यंत जा, आणि बूच काढून आणा.