ताईच्या हाताखालचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. नाक मुरडू नका. पायरीचा नव्हे, चित्रं छापायचा. फार पूर्वी मी समुद्राच्या तळाशी होतो. मासे माझ्यावर डोकं टेकून झोपत आणि त्यांची स्वप्नं माझ्यात झिरपत. खोटं वाटत असेल तर एखाद्या माशाला विचारा.

मला विकत आणलं एका बहीणभावाने. ताई चित्रं काढायची आणि धाकटा भाऊ ती छापून खपवायचा. बाकीचे त्याला मालक म्हणत. ताई म्हणे उचापत्या. चित्रं फक्त श्रीमंतांच्याच भिंतींवर का, हा त्याचा एकच हेका. मागच्या खोलीत त्याने हाताने फिरवायचं यंत्र बसवलं. ताई तेलकट खडूने माझ्यावर उलटं चित्र काढी. मग माझ्यावरून ओला बोळा फिरे. वर शाई लावली, की ती पाण्यापासून दूर पळे आणि खडूला जाऊन बिलगे. वर कागद ठेवून दाबला की चित्र सुलटं होऊन बाहेर. पुरेशा प्रती निघाल्या, की वाळू आणि पाणी घालून मला घासत. जुनं चित्र जाई, नव्याला जागा होई.

भाऊ सायकलला चित्रांची गुंडाळी बांधून दारोदार हिंडे. ताईचं मांजर तर इतकं हुबेहूब होतं, की ज्या घरांत ते लागलं तिथल्या उंदरांनी बिऱ्हाडं हलवली. एक गिऱ्हाईक कुरकुरत आलं.

"अहो मालक, आमचं दूध कमी व्हायला लागलंय."

"म्हणजे मांजर रुळलं," भाऊ म्हणाला. "आता शेजारी कुत्रा लावा. राखण करील."

आणि कुत्राही खपवला.

सायकलवरून तो दुकानात आला, दुकानातून मोठ्या छापखान्यात. चित्रांची पुस्तकं निघाली, दूरच्या शहरांतून मागण्या येऊ लागल्या. पाहुणे मला हात लावून बघत, तेव्हा मी उगाच जड होई.

मग ताईचा हात थरथरू लागला. धुक्यातलं एक झाड तिने कसंबसं पुरं केलं आणि खडू खाली ठेवला. त्याच्या प्रती निघाल्या, पण भावाने मला घासू दिलं नाही. चित्र टिकावं म्हणून गोंदाचा हात देऊन, मऊ कापडात गुंडाळून उंच फळीवर ठेवलं. खाली नवे चित्रकार आले, नवी यंत्रं आली. मी झोपून राहिलो. स्वप्नात धुकं दाट होई, वाट चुकलेले पक्षी झाडाशी येऊन हळूच रस्ता विचारत. मान मोठा होता. स्पर्श मात्र कुणाचाच नव्हता.

एका दुपारी काठी टेकत ताई आली.

"तो दगड खाली काढ. मला चित्र काढायचंय."

"नवा देतो ना, गुळगुळीत."

"नव्याशी ओळख कधी करून घेऊ? माझा हात माझं ऐकत नाही. याचं तरी ऐकेल."

भावाने कापड सोडलं आणि तो झाडाकडे बघत राहिला. "हे तुझं शेवटचं आहे, ताई."

"कुणी ठरवलं? तू?"

"हे पुसलं आणि नवं जमलंच नाही तर?"

"तर नाही जमलं. झाडं लोकांच्या भिंतींवर आहेत की."

"तिथे नुसती शाई आहे. इथे तुझा हात आहे."

"हात इथे आहे," ताईने थरथरता पंजा त्याच्यापुढे धरला. "जन्मभर माझी चित्रं घासत आलास, उचापत्या. आताच कशाने विरघळलास?"

त्याने कामगारांना बाहेर पाठवलं, बाह्या सारल्या आणि स्वतः मला घासायला घेतलं. पाणी कमी पडलं नाही, एवढंच सांगतो. झाड गेलं. धुकं थोडं रेंगाळलं, मग तेही गेलं.

ताईने काढला तो भाऊच: दगडावर वाकलेला, बाह्या सारलेला. रेघ वाकडीतिकडी चालली, पण थांबली नाही. कागद उचलला तसा तो बघतच राहिला.

"माझं नाक एवढं घसरलंय?"

"नाक तुझं, रेघ माझी. निम्मं निम्मं वाटून घे. बघून झालं ना? आता घास."

या वेळी त्याने वाळू घ्यायला वेळ लावला नाही.

तेव्हापासून ताई रोज येते. मी पाटीएवढा पातळ झालोय. एक दिवस तडकेन. तडकू दे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी फळीवर मानाने गुंडाळून ठेवलेलं असेल. त्याला खाली घ्या, कामाला लावा, हात लावा. आता पुरे. ताई खडूला टोक करतेय, आणि अंगावर पहिली रेघ उठू लागली की मला बोलवत नाही.