पावलांवरचा लाल रंग

नूलानं हातमोजे चढवले, चिमुकली सुरी काढली आणि दगडी मेरीच्या पावलांशी ती गुडघे टेकून बसली. आयर्लंडमधल्या मलिंगारजवळच्या खेड्यातलं हे पाचशे वर्षांचं चर्च. मूर्तीवर मूळचा लाल रंग अजून शिल्लक आहे, असं अबोलीनं छातीठोकपणे लिहून कळवलं होतं. जुन्या मूर्ती जतन करण्याची ही तिची पहिलीच नोकरी, तीही सहा महिन्यांची. पुढची मुदतवाढ या लाल ठिपक्यांवर अडली होती. तपासायला आलेली नूला रंगांतली जाणकार, आणि चुकीला माफी नाही असा तिचा लौकिक.

मागच्या बाकावर अबोलीच्या सासूबाई बसल्या होत्या. सासरे गेल्यावर शारदाबाई कऱ्हाडहून इकडं आल्या, त्याला तीन आठवडे झाले. घरी एकट्या कंटाळतात म्हणून अबोली त्यांना रोज सोबत आणायची. त्या उठून पुढं आल्या.

"अगं, ती बाई कुंकू का खरवडाय लागलीया?"

अबोली वळली. "कसलं कुंकू, आई?"

"मी लावते की रोज, पाण्यात कालवून. तू शिडीवर असतीस तवा."

अबोलीनं मनात तारखा मोजल्या. सासूबाई आल्या तीन आठवड्यांपूर्वी, तिला रंग दिसला दोन आठवड्यांपूर्वी. शाबास! देवपूजेच्या डबीतलं कुंकू तिनं पाचशे वर्षांचं ठरवलं होतं. नूलाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. गप्प बसलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खोट्यावर टिकलेली नोकरी तिच्या घशाखाली उतरली नसती.

तिनं इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. सुरी थांबली.

"का लावलंत, आई?" तिचा आवाज चढला.

"आधीचं हुतं की गं तिथं, फिकं पडल्यालं. कुणीतरी लावत असंल, मधीच थांबलं असंल. म्हटलं, आपण लावू."

अबोलीनं तेही सांगितलं. नूला वाकली, तिनं तिळाएवढी कपची काढली आणि सोबतच्या मायक्रोस्कोपखाली धरली. ती मान वर करीना.

"ये, बघ," शेवटी नूला म्हणाली.

वर भडक लाल, खाली विटकरी लाल, आणि मधे काजळीची काळी रेघ. मूर्तीच्या या कोनाड्यात मेणबत्ती लावणं बंद होऊन दोनशे वर्षं झाली होती; म्हणजे खालचा लाल त्याहून जुना.

"ग्रँड. तुझं बरोबर होतं. आता वरचं स्वच्छ कर."

अबोलीला रडूच आलं. डोळे टिपत तिनं कापसाचा बोळा ओला केला, तोच शारदाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"कुंकू पुसू नगंस."

"पुसायलाच पाहिजे, आई."

"हे गेले तवा बायकांनी माझं पुसलं. मला कुणी इचारलंबी न्हाई."

अबोली त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं बघत राहिली. तीन आठवडे ते रोज समोर होतं. तिनं बोळा खाली ठेवला.

"आई, पुसू?"

शारदाबाईंनी मूर्तीकडं पाहिलं. मग मनगट सोडलं.

"पूस. पर खालचं जपून गं. ते दुसऱ्या कुणीतरी लावल्यालं हाय."