बाजूचं बोट

नवलचं ते पत्र आलं तेव्हा भाईदास धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पत्र लिस्बनहून आलं होतं. पारोळ्याला त्यांच्याच गल्लीत वाढलेला नवल दमणच्या कारखान्यात लागला आणि तिथल्या ओळखीपाळखीवर थेट पोर्तुगालला जाऊन पोचला. सगळं गाव दाखवीन म्हणून त्याने आपल्या अहिराणीत मोजकंच लिहिलं होतं : ‘भाऊ, तू ये. समुद्र शे, चढ शे, आन मी शे. चार दिवसमा बठ्ठं गाव दखाडसू.’

उत्तर द्यायचं होतंच. पण ‘येतो’ लिहायची छाती नव्हती आणि ‘येत नाही’ लिहायला हात धजत नव्हता. पावसाळा गेला, मग वर्षं गेली. उशीर एवढा झाला की उशिराबद्दल काय लिहावं तेच सुचेना. नवलनेही पुन्हा लिहिलं नाही. करोनात टीव्हीवर तिकडच्या शवपेट्यांच्या रांगा दिसल्या आणि नवल गेला असं भाईदासांनी मनाशी ठरवून टाकलं. विचारायला पारोळ्यात नवलचं कोणी उरलंच नव्हतं.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, जळगावला, निवृत्तीनंतरच्या पिंप्राळ्याच्या घरी पितरांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं आणि भाईदास उंबरठ्यापाशी बसले. एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. वडील, आई, आजोबा, आजी. मग थोडी जागा सोडून एक बोट नवलचं. ही रीत नवलच्या आईची. इंदिराबाई म्हणायच्या, जो आपल्या रक्ताचा नाही, पण तहान लागली तर आपल्याच दारी येईल, त्याचं बोट बाजूला काढायचं. भाईदास आणि नवल, दोघं पोरं, डांगराच्या फोडींवर डोळा ठेवून ते ऐकत बसायची.

तेव्हापासून नवल दारात होता. भर दुपारी रस्ता ओस पडला की बाहेर कोणीतरी चपला काढतंय असं वाटे. भाईदास तांब्या भरून उठत. दारात नुसतं ऊन असे. कुंकू तर केव्हाच पुसलेलं, तरी उंबरठ्यावरची ती जागा त्यांना लालसर दिसे. ते तिच्यावर कधी पाय पडू देत नसत.

आणि आता मुलाला, हितेंद्रला, कंपनीने कामासाठी लिस्बनला पाठवायचं ठरवलं. सूनबाई कामिनीने लगेच जाहीर केलं, “त्यांच्यासोबत आपण दोघंही जायचं, आबा. चार दिवस. कुठे फिरायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही तर लिस्बनची पुस्तकं वाचून वाचून तिथले रिक्षावालेच झालात.”

भाईदास नकाशा पसरून बसले. पहिल्या दिवशी नदीकाठ आणि तो मोठा चौक. दुसऱ्या दिवशी पिवळ्या ट्रामने चढ चढून किल्ला. चौथ्या दिवशी बेलेंचा बुरूज, जिथून गलबतं निघत. नकाशावर कुठूनही निघालं तरी बोट एकाच गल्लीपाशी येऊन थांबे, आणि ते घाईने दुसरीकडे वळवत.

“तिसऱ्या दिवशी दुपारी काहीच नाही?” कामिनीने विचारलं.

“जरा पडू.”

“एवढं विमानाने जाऊन झोपायचं? झोपायला पिंप्राळा काय वाईट आहे?”

“तिथे माझा एक मित्र राहायचा,” भाईदास खाली बघत म्हणाले. “वारला. म्हणजे, वारला असणार.”

“असणार? आणि तुम्ही दर आखाजीला बोट काढता ते यांचंच? कोणी कळवलं तुम्हाला?”

“कोणी नाही.”

“कमाल करता, आबा! पत्ता सांगा.”

पत्ता त्यांना पाठ होता. कामिनीने तो मोबाईलमध्ये टाकला, आणि पडद्यावर ती गल्लीच उभी राहिली. दगडी फरसबंदी, निळ्या फरशांची भिंत, वर वाळत घातलेले कपडे. कामिनी बोटाने पुढे सरकवत गेली. एका हिरव्या दाराशी एक म्हातारा पायरीवर वाकून बसला होता. चेहरा पुसलेला.

भाईदासांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “त्याला तोंड का नाही?”

“सगळ्यांचेच चेहरे पुसतात, आबा. ओळखू येऊ नये म्हणून. फोटो गेल्या मे महिन्यातला आहे. गेल्या वर्षी आखाजीही मेमध्येच होती ना?” तिने चित्र मोठं केलं. “हे काय लाल लाल?”

पायरीच्या पांढऱ्या दगडावर बोटं ओढलेली होती. दाराआत अंधारात मातीची घागर, तिच्यावर पिवळं काहीतरी. बोटांची ओळ सरळ गेली होती आणि मग थोडी जागा सोडून, बाजूला, एकच बोट.

भाईदास पडद्याजवळ वाकले. त्या गावात नवलच्या दारी तहानेने येईल असं परकं दुसरं कोण होतं? ज्याने पत्राला उत्तर दिलं नाही, त्याला नवलनेही मनाशी पितरांत पोचवून टाकलं होतं. इतकी वर्षं पिंप्राळ्याच्या दारात चपला कोण काढतंय ते भाईदास ऐकत होते. आणि तिकडे दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन नवल उठत असेल, दार उघडत असेल.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तो माझं बोट काढून बसलाय.”

कामिनीने मोबाईल खाली ठेवला. “मग आता? तिसऱ्या दिवशी एकदम दारात उभे राहणार? छातीत कळ येईल त्यांच्या.”

“आधी कळवायला हवं.”

पहिला कागद फाडला, दुसराही फाडला. त्यात कारणंच कारणं होती. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं, ‘नवल, मी जित्ता शे. पुढल्या महिन्यात येतोय. माझं बोट पुसून टाक. तुझं मी आजच पुसलं.’

मग ओलं फडकं घेऊन ते उंबरठ्याशी बसले आणि डाग नसलेली ती जागा घासघासून पुसली. उठले, आणि तिच्यावर पाय देऊन बाहेर पडले. पोस्टातल्या बाईने लिफाफ्याला तिकिटं लावली, शिक्का मारला आणि तो मागच्या थैलीत टाकला.