मी, बाळासोंच्या हातातला कॉफी ग्राइंडर

मित्रांनो, मला वीज लागत नाही. माझ्या पोटात पोलादाच्या दोन दातेरी चकत्या आहेत. डोक्यावर लांब दांडा आहे आणि दांड्याच्या टोकाला लाकडी मूठ आहे. कुणी ती मूठ धरून फिरवली, की कॉफीच्या बिया चकत्यांमधून खाली उतरतात आणि त्यांची पूड होते. कामाला फारशी गती नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दुकानात मी बरेच महिने काचेमागे उभा होतो. शेजारी विजेवर चालणारे माझे भाऊबंद होते. त्यांतला एक असा सुसाट फिरायचा, की बटण दाबताच दुकानातली माणसं बोलायची थांबत. त्याच्यापुढे मला स्वतःची लाज वाटे. गिऱ्हाइकं मला उचलत, मूठ दोनदा फिरवत आणि खाली ठेवत. "ह्यात कोण येळ घालवणार?" असं म्हणून निघून जात.

मग एक दिवस प्रियदर्शनी आली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिने घरी एस्प्रेसोचं, म्हणजे दाट कॉफी काढणारं, छोटं मशीन घेतलं होतं, पण विकतच्या जाडसर पुडीची कॉफी पाण्यासारखी भसकन खाली येई. दुकानदार सम्राटने तिच्यासमोर तो सुसाट ग्राइंडर चालू केला.

"बघा मॅडम, चुटकीसरशी दळतोय की!"

प्रियदर्शनीने कानांवर हात ठेवले. "आवाज लई हाय ओ. घरात अण्णा आजारी आहेत. मिक्सर लावला तरी दचकतात."

"हळू फिरणारा विजेचाबी असतोय, त्याचा आवाज कमी. पण आत्ता न्हाय माझ्याकडं. मग हा हाताचा बघा."

"ह्यात एस्प्रेसोइतकं बारीक होतंय?"

सम्राटने माझ्या अंगावरचं कडं फिरवून दाखवलं. "ह्यानं दोन चकत्यांतली फट कमी-जास्त हुतीया. फट जेवढी, पूड तेवढी. तुम्ही दांडा हळू फिरवा न्हायतर जोरात, पुडीत फार फरक पडत न्हाय."

माझ्या अंगात असं काही आहे, हे मलाच माहीत नव्हतं!

शिवाजी पेठेतल्या तिच्या घरी आलो, तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बाळासो बसले होते. प्रियदर्शनीचे ते वडील, तिचे अण्णा. हुपरीत त्यांनी आयुष्यभर चांदीचे पैंजण घडवले होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. इलाजासाठी लेकीने आईवडिलांना कोल्हापुरात आणलं. परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा तो हात ते मांडीवर घेऊन बसत. व्यायाम शिकवायला बाई येत. त्यांनी दिलेला रबरी चेंडू बाळासो एकदाच दाबत आणि भिंतीकडे तोंड करत. "पोरांचा खेळ हाय ह्यो," म्हणत.

इकडे माझी परीक्षा चालली होती. कडं सैल ठेवलं, की कॉफी भसाभसा येई. आवळलं, की थेंबथेंब गळे. प्रियदर्शनी रोज थोडं थोडं कडं सरकवत राहिली. आणि एका सकाळी मशीनच्या तोंडातून काळीभोर, मधासारखी दाट, संथ धार उतरली. वर बदामी साय धरली. माझ्या पोटातून असलं काही निघू शकतं? मी थक्क होऊन पाहत राहिलो. खुर्चीतले बाळासोही मान वळवून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात बिया भरल्या आणि कॉलेजातून फोन आला म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली. बाळासोंनी डाव्या हाताने मला ओढून घेतलं आणि पोटाशी दाबून धरलं. मग उजवा हात उचलून माझ्या मुठीवर ठेवला. बोटं मिटेनात. त्यांनी मनगटानेच दांडा ढकलला. एक बी कडकन फुटली. पुन्हा ढकलला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको, आक्का, धावत आली. "अवो, सांडंल की सगळं! आणा इकडं!"

"आई, थांब." प्रियदर्शनी दारात उभी होती. फोन तिने बंद केला होता.

तिला उशीर होत होता, पण ती जागची हलली नाही. बाळासो थांबत, दम घेत, पुन्हा ढकलत. मित्रांनो, मी तर लोखंडाचा, पण त्या वेळी जीव मुठीत आला होता माझा. दांडा अडखळत फिरत होता, तरी चकत्यांमधली फट तेवढीच होती. म्हणून पूड पडली ती कालच्यासारखीच, अगदी एकसारखी. दुबळ्या हाताची कॉफी दुबळी झाली नाही. तीच दाट धार उतरली.

बाळासोंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लई कडू हाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "उद्या मीच दळतो."

त्या दिवसापासून मूठ त्यांची झाली. आधी मनगट, मग तळवा, मग एकेक बोट मिटत गेलं. करंगळी अजूनही बाहेरच राहते. सदऱ्याची गुंडी त्यांना अजून लावता येत नाही. पैंजणाचं बारीक काम आता त्यांचे पुतणे करतात. पण बाळासो हुपरीला परतले तेव्हा मला पिशवीत घालून घेऊन गेले. आता तिथल्या पैंजणांच्या कारखान्यात ते सगळ्यांसाठी कॉफी दळतात आणि पुतण्यांच्या चुका काढतात. प्रियदर्शनीने स्वतःसाठी हळू फिरणारा, विजेचा ग्राइंडर आणला आहे म्हणे.

मित्रांनो, ग्राइंडर निवडताना नुसता वेग पाहू नका. पूड एकसारखी पडते का आणि घरातल्या माणसांना तो सोसतो का, हेही पाहा. आम्हाला पाण्याने धुऊ नका. कोरड्या ब्रशने पूड झटकली तरी आम्ही पुष्कळ वर्षं साथ देतो. आणि कुणी सावकाश फिरवत असेल, तर त्याच्या हातातून दांडा काढून घेऊ नका.

परवाच गडहिंग्लजचे एक व्यापारी आले होते. बाळासोंचा हात पाहून ते कळवळले आणि पुढे झाले. "द्या इकडं, मी फिरवतो पटकन."

बाळासोंनी मला पोटाशी घट्ट धरलं.

"गडबड काय हाय, पावणं? बसा की."

व्यापारी बसले. बाळासोंनी दांडा फिरवायला घेतला.