सोळा मोकळे ठोके

ग्लेनिसने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले, कडव्याची शेवटची ओळ खणखणीत टाकली आणि पुढच्या ओळीसाठी छाती भरून घेतली. पुढची ओळ आलीच नाही. गिटार थांबली. नुसते ड्रमचे ठोके वाजत राहिले, मोजून सोळा, आणि मग सगळी वाद्यं पुन्हा एकदम कोसळली. काचेपलीकडे गिटारवाला क्लाइव्ह डोळे मिटून मान डोलवत होता.

"इथे काय म्हणायचं?" तिने विचारलं.

"इथे काही नाही. इथे लोक गातात."

"कुठले लोक?"

क्लाइव्हने डोळे उघडले. काचेपलीकडे त्याच्याशिवाय ड्रमवाला नॉर्मन होता, यंत्रावरचा माणूस होता, रेकॉर्ड कंपनीचा एड्रियन होता आणि एक विजेची किटली होती. बास गिटारवाला दाढ काढायला गेला होता. नेदर्टनच्या या बंद पडलेल्या प्रार्थनाघरात आठ आठवडे रेकॉर्डिंग चाललं होतं. इतक्या दिवसांत गर्दी म्हणावी अशी फक्त कबुतरांची झाली होती.

चूक क्लाइव्हची, पण तिला बारा वर्षांचा इतिहास होता. 'चेनशॉप' या बँडच्या नावावर तेवीस वर्षं, आठ आल्बम आणि तीन ड्रमर जमा होते. गायक मात्र एकच, व्हिक डँक्स. पहिल्या आल्बममधल्या व्हिकच्या किंकाळीवर या भागातली निम्मी पोरं वयात आली. ब्याऐंशी सालापासून व्हिक त्या किंकाळीची जागा आली की माइक गर्दीकडे फिरवायचा आणि हात कानाशी न्यायचा. किंकाळी लोक मारायचे. वर्तमानपत्रांनी त्याला चाहत्यांवरचं प्रेम म्हटलं, आणि बँडने ते छापील कात्रण जपून ठेवलं. तेव्हापासून लोकांसाठी सोळा ठोके मोकळे सोडायचे हा नियमच झाला. आता नवं गाणं रचताना क्लाइव्हच्या हाताने ते आपसूक सोडले होते.

व्हिक गेल्या वर्षी मुलीकडे स्पेनला निघून गेला. त्याच्या जागी त्रेचाळीस जणांना ऐकून बघितलं. बेचाळीस जणांनी व्हिकची नक्कल केली. त्रेचाळिसावी ग्लेनिस ट्रोमन्स, वय एक्केचाळीस, टिप्टनमध्ये बस चालवणारी आणि शनिवारी पबमध्ये गाणारी. तिचं नाव जाहीर झाल्यावर चाहत्यांची दोनशे बारा पत्रं आली. त्यांतली नऊ तिच्या बाजूची होती. पैकी दोन तिच्या बहिणीची.

बँडमधला सगळ्यांत नवा माणूस चहा करतो, ही तिथली रीत. नॉर्मनने अकरा वर्षं केला आणि ग्लेनिस आली त्या दिवशी, मुलगी सासरी धाडावी तसा ट्रे तिच्या हाती सोपवला. तिला आठवडाभरात सगळ्यांची साखर पाठ झाली. तिची कुणाला ठाऊक नव्हती.

एड्रियन लंडनहून दर मंगळवारी यायचा आणि प्रत्येक वेळी एक तोडगा आणायचा. त्याने आजचा काढला. जुन्या आल्बमची मूळ टेप कंपनीकडे होती, येताना त्याने ती आणलीही होती. त्यातली व्हिकची किंकाळी काढून या सोळा ठोक्यांवर चिकटवायची. जुने लोक खूश होतील, पत्रं थांबतील आणि बाईंच्या गळ्यालाही ताण नाही. नॉर्मन ड्रमच्या काठ्या निरखू लागला. क्लाइव्हने हनुवटी चोळली आणि म्हणाला, वाईट नाही.

ग्लेनिस हेडफोन काढून बाहेर आली.

"माझ्या गाण्यात व्हिक ओरडणार?"

"सोळाच ठोके आहेत," एड्रियन म्हणाला.

"मग त्यालाच बोलवा ना, साहेब. एवढा स्पेनहून येईल तर उरलेलंही म्हणून जाईल. माझी रजा शुक्रवारी संपते. ती टेप लागणार असेल तर सोमवारी मी डेपोत. तिथे बस मीच चालवते, आधीच्या ड्रायव्हरचा फोटो माझ्या तोंडावर कुणी चिकटवत नाही."

"अगं पोरी, हट्ट करू नकोस," क्लाइव्ह समजुतीने म्हणाला. "ती जागा दिसते तशी नाही. व्हिकलासुद्धा..."

तो थांबला. नॉर्मनने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"व्हिकलासुद्धा काय?" एड्रियनने विचारलं.

व्हिकसकट बँडमधल्या चौघांनी ही गोष्ट आपापल्या बायकांनाही सांगितली नव्हती.

"ब्याऐंशीनंतर त्याला ती किंकाळी लागत नव्हती," ग्लेनिस म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?" क्लाइव्हचा आवाज खाली आला.

"सांगायला कशाला हवं? डडलीला दर नाताळात तुमच्या कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत असायचे. सगळ्या हॉलला माहीत होतं. तो माइक फिरवायच्या आधीच आम्ही श्वास भरून तयार असायचो. त्याचा हात कानाशी पोचायच्या आत सुरू व्हायचं, असं ठरलेलंच होतं. न जाणो, बिचाऱ्याला स्वतः मारून बघावीशी वाटली तर."

क्लाइव्ह खुर्चीत बसला. लपवणारे चार आणि लपवू देणारे हॉलभर अठराशे, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उतरत गेला.

ग्लेनिस परत आत गेली. यंत्रावरच्या माणसाने कुणाकडेही न बघता टेप मागे घेतली आणि चालू केली. ठोके सुरू झाले.

व्हिकची किंकाळी फेकलेल्या सुऱ्यासारखी वर जायची. ही खालून निघाली. भरलेली बस पहिल्या गिअरमध्ये चढ चढते तशी, घाई न करता, एकाही उतारूला न उतरवता ती वर सरकत राहिली. अर्ध्यावर वाटलं की अडकणार. नॉर्मन जागेवरून उठला. सोळाव्या ठोक्याला ती माथ्यावर होती आणि तिथून खाली गिटार कोसळली.

एड्रियनच्या हातात जुन्या टेपचा डबा तसाच होता. तो म्हणाला, "खात्रीसाठी आणखी एकदा घ्यायचं का?"

"नाही," क्लाइव्ह म्हणाला. "आणि तो डबा बॅगेत ठेव."

मग त्याने उठून किटली उचलली. तेवीस वर्षांत त्याने किटलीला हात लावल्याची नोंद नव्हती. कप कुठे, दूध कुठे, त्याला सगळं नॉर्मनला विचारावं लागलं, आणि नॉर्मनने प्रत्येक उत्तर मोठ्या चवीने दिलं. ग्लेनिस बाहेर येऊन बसली. क्लाइव्हने कप तिच्यापुढे ठेवला आणि उगाच काचेकडे बघत उभा राहिला.

तिने एक घोट घेतला. दाट दूध, तीन चमचे साखर. तिने कप खाली ठेवून त्याच्याकडे सरकवला.

"हा व्हिकचा चहा आहे. माझा करून आण."

नॉर्मन खोकला. क्लाइव्हने कप उचलला, किटलीत पुन्हा पाणी भरलं आणि तिच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं,

"साखर किती?"