चौतिसाव्या मिनिटाआधी

माझ्या बापाची दोन्ही मनगटं गोरक्षनाथाच्या वरातीत मोडली. मोडली म्हणजे आपोआप नाही. दोघांनी त्याचे हात जोत्याच्या दगडावर दाबून धरले आणि बाशिंग बांधलेल्या नवरदेवानं स्वतः ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी घातली. आधी उजवं, मग डावं.

कारण हलगी. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा आज्यानं घरातली हलगी विहिरीत टाकली. बा तेव्हा रांगत होता. त्यानं जन्मात हलगीला हात लावला नाही. तो गवंडी. कर्जतच्या अंगाला आमचं गाव, त्यातली निम्मी घरं त्याच्या ओळंब्यानं उभी राहिलीत. गोरक्षनाथाचा बंगलासुद्धा. तरी वरातीत बँडवाले पिऊन आडवे झाले तेव्हा गावाला आठवलं, बन्सीच्या, म्हणजे माझ्या बाच्या, बापाच्या हातात काय होतं ते. कुठनं तरी हलगी आणली, शेकली आणि त्याच्या गळ्यात अडकवली. बा म्हणाला, "न्हाई वाजवनार." एवढंच म्हणाला.

फौजदारानं लिहून घेतलं: दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला. बाला मोटारसायकल चालवता येत नाही. आमच्या घरात मोटारसायकल नाही. खाली 'निशाणी अंगठा'. बा रात्रशाळेत शिकलाय, सही करतो. पण मनगट लोंबणाऱ्या माणसाचा अंगठा धरून शाईत बुडवायला कितीसा जोर लागतो? वरातीत दोनशे माणसं होती. दोनशेच्या दोनशे म्हणाली, आम्ही तेव्हा जेवत होतो.

हे नव्व्याण्णवच्या मे महिन्यातलं.

मी नगरजवळच्या केडगावात असतो. सात वर्षांचा होतो तेव्हापासून मामाकडं. पुणे रस्त्याला माझं दुकान आहे, लोक मला अमृत रेडिओवाला म्हणतात. दहावी नापास. मला कुणी शिकवलं नाही, जळक्या वस्तूंनी शिकवलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग व्हीसीआर, आणि आता सीडी.

ऑगस्टात कानिफनाथ आला. लग्नाच्या शूटिंगवाला. तो मला ओळखत नव्हता. मी त्याला पुरता ओळखून होतो, कारण बा दवाखान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "कानिफच्या क्यामेऱ्याचा दिवा माझ्या तोंडावर हुता रं."

कानिफनाथानं सीडी रायटर टेबलावर ठेवला. "रेडिओवाले, ह्यो कोरी, भरलेली, कुठलीच सीडी घेईना झालाय. डिस्क टाका म्हनतो, आन डिस्क आत पडलेली!"

"डोळा अधू झाला असंल," मी म्हणालो. "औंदा लग्नं लई झाली काय?"

"लई. दम खायला सवड न्हाई."

"समद्या क्यासेटी ठिवता?"

"येडा का काय? पुसतो आन फिरून वापरतो. एकाच क्यासेटीवर सात लग्नं. पहिल्या नवरीला आता पोरगं झालं." तो स्वतःच हसला आणि उद्या येतो म्हणून गेला.

म्हणजे कॅसेट पुसली होती. तीन महिने मी त्या कॅसेटीचा विचार करत झोपत होतो. रायटर उचलून भिंतीवर आपटावा असं वाटलं. मग उघडला.

आता हे नीट वाचा, कारण पुढं सगळं यावरच आहे. कोरी सीडी कोरी नसते. तिच्यात कारखान्यातच आतून बाहेर गोल गोल जाणारी एक चर पाडलेली असते. ती चर सरळ नसते, नागमोडी असते. इतकी बारीक की डोळ्याला दिसायची नाही. त्या नागमोडीतच वेळ भरलेली असते. मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. रायटर आधी ती लाट पकडतो, आपण कुठं आहोत ते तिच्यावरून ओळखतो आणि मगच जाळायला लागतो. लाट सापडली नाही तर तो आंधळा. कानिफनाथाच्या रायटरचं हेच झालं होतं. भिंगावर हळदीची पूड बसली होती. लग्नाच्या मांडवात मशीन उघडं ठेवणारा माणूस.

भिंग पुसलं, आतला बारका स्क्रू केसभर फिरवला. माझ्या भंगारातल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, हिरवी लाट उभी राहिली. चाचणीला आत पडलेलीच डिस्क होती. वर मार्करनं लिहिलेलं: 'गोरक्षनाथ, लग्न, २१ मे ९९', खाली कानिफनाथाचा शिक्का.

मी तारीख दोनदा वाचली.

कॉम्प्युटरवर लावली. सव्वीस मिनिटांचं लग्न. हळद, अक्षता, वरात. बँड वाजतोय, वाजतोय, आणि एकदम पंगत. मधलं काही नाही. पण चरीतली वेळ वेगळंच सांगत होती. हे लग्न शून्यावर सुरूच होत नव्हतं. चौतिसाव्या मिनिटाला सुरू होत होतं. शहाण्या माणसानं पाटी कोरी असताना मधूनच का लिहावं? डिस्क उजेडात धरली. दोन छटांची कडी, मधे बारीक रेघ. आतलं कडंही जळालेलं होतं.

कानिफनाथ कॅसेटीचा माणूस. कॅसेटीवर नवं भरलं की जुनं जातं. त्यानं आधी सगळी वरात सीडीवर भरली होती, मग गोरक्षनाथानं दम दिल्यावर छाटलेलं लग्न त्याच सीडीवर पुन्हा भरलं. त्याला वाटलं, जुनं पुसलं. सीडीवर पुसलं जात नाही. नवं पुढं बसतं, आणि कॉम्प्युटर शेवटचं तेवढं दाखवतो. मी त्याला पहिलं दाखवायला लावलं.

बाविसाव्या मिनिटाला बा आला. गळ्यात हलगी. तोंडावर दिव्याचा झोत, त्यानं डोळे बारीक केलेले. ओठ हलले. मग दगड, मग हात, मग टॉमी. ऊस मोडतो तसा आवाज आला. बा पहिल्याला ओरडला. दुसऱ्याला ओरडला नाही, नुसता गोरक्षनाथाकडं बघत राहिला. मागं कुणीतरी शिट्टी वाजवली. लहान पोरं खांद्यावर बसून बघत होती. त्या दोनशे माणसांतली निम्मी तोंडं स्वच्छ दिसत होती. एकाच्याही हातात जेवणाचं ताट नव्हतं.

मी ते हार्डडिस्कवर उतरवायला लावलं आणि मान वर केली तर दारात कानिफनाथ. उद्या येणारा माणूस, आजच आला. त्यानं पडदा बघितला, मला बघितलं, पुन्हा पडदा बघितला. माझं नाक बाचं आहे. तो आल्या पावली पळाला.

तेव्हाच मी डिस्क घेऊन पळायला पाहिजे होतं. पण अर्धं उतरलं होतं, मी थांबलो. जीप आली. गोरक्षनाथ त्या दिवशी नगरातच होता. सोबत दोघं. भर दुपार, रस्त्यावर गर्दी.

गोरक्षनाथानं आधी कॉम्प्युटर घेतला. टॉमीच होती हातात, तीच की दुसरी माहीत नाही. पेटी चेंदली, पडदा फुटला, हार्डडिस्क जमिनीवर पाडून टाचेखाली घेतली. तेवढ्यात मी रायटरमधली डिस्क काढून शर्टाखाली पोटाशी धरली होती. दोघांनी मला पालथा पाडला. एकानं बोटांवर बूट ठेवून दाबलं. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली.

"बन्सीचं पोरगं व्हय तू?" गोरक्षनाथ माझ्या पाठीवर बसून म्हणाला. "बापाचं हात गेलं, तुला डोळं जड झालं का?" मग त्यानं जातीवरनं शिवी दिली. ती इथं लिहीत नाही, फिर्यादीत लिहिली आहे.

त्यानं डिस्क ओढून घेतली आणि उठून माझ्याच टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. इथं मला एक गोष्ट ठाऊक होती, त्याला नव्हती. सगळ्या जगाला वाटतं, चित्र चमकत्या बाजूला असतं. ते असतं वर, लेबलच्या शाईखाली, केसापेक्षा पातळ थरात. वरनं नख लागलं तरी गेलं. खालून मात्र मिलिमीटरभर प्लास्टिक आहे.

मी बोंब मारली, "खालची चकचकीत बाजू नगा हो! पाया पडतो, ती बाजू नगा!"

गोरक्षनाथ हसला आणि तीच बाजू धरली. मधून बाहेर, सरळ, रेघेवर रेघ. अकरा रेघा मारल्या. प्रत्येक रेघेला विचारत होता, "अजून दिसतोय का बाप? अजून दिसतोय?" मी खरंच रडत होतो, नाटक करायची गरज पडली नाही.

मग कंटाळून त्यानं डिस्क दोन्ही हातांनी वाकवायला घेतली. मोडलीच असती. टेबलाच्या कडेला माझी सोल्डरिंग गन तापत होती. उजवा हात मोकळा होता. मी ती वायर धरून खाली ओढली आणि त्याच्या पोटरीत खुपसली. कापड जळलं, मग कातडं. मी काढली नाही. तो गुरासारखा ओरडला आणि डिस्क उडून पडली. मग त्या दोघांनी मला लाथा घातल्या, बरगडी गेली, तोंडात रक्त आलं. मला आनंद झाला होता हे मी लपवणार नाही.

शेजारी विमलबाईची रसवंती. ती ऊस तासायचा कोयता घेऊन दारात उभी राहिली.

"का रं, तिघं मिळून एकाला? आईचं दूध वाटून पिलात का?"

"बाई, बाजूला व्हा."

"बाजूला व्हती की. आधी सांगा, पेरं कुनाचं पाडू?"

तिच्या मागं गिऱ्हाइकं जमली, हातात रसाचे ग्लास. कोयत्याकडं बघून गोरक्षनाथ, डिस्क मेली समजून ती तिथंच टाकून, लंगडत जीपमधे चढला.

त्याच संध्याकाळी माझ्यावर गुन्हा नोंदला: घातक हत्यारानं दुखापत. बापाचा नोंदायला जागा नव्हती, माझा तासाभरात बसला. ती केस अजून चालू आहे.

जामिनावर सुटलो आणि डिस्क घासायला बसलो. टूथपेस्ट आणि मऊ फडकं, मधून बाहेर, मधून बाहेर, एका हातानं. पाच दिवस. कॉम्प्युटर क्लासवाल्या संदीपनं मशीन दिलं. स्कोपवर हिरवी लाट दिसायची, ओरखडा आला की तुटायची, लगेच पुन्हा उभी राहायची आणि वेळ बरोबर पुढचीच सांगायची. अकरा ठिकाणी तुटली. अकरा वेळा लागली. बाविसावं मिनिट शाबूत होतं.

नगरला भारतीताई वकील आहेत, त्यांच्याकडं नेली. बघताना त्यांनी पदर तोंडाला लावला, मग वकिलासारखं विचारलं, "ते म्हणतील, हे तूच मागाहून घातलं."

"घालता येत न्हाई ताई. चरीतली वेळ कारखान्यातनं येती, ती एकाच दिशेनं जाती. चौतिसाव्या मिनिटापुढं कानिफनाथाचं लग्न हाय, वर त्याचा शिक्का. आधीची जागा मोकळी असती तर त्याच्या मशीननं शून्यापास्नं भरलं असतं. ह्ये आधी हुतं म्हनूनच त्ये पुढं सरकलं."

त्यांनी माझ्याकडून हे तीनदा वदवून घेतलं आणि लिहून काढलं. कोर्टाचा हुकूम यायला ऑक्टोबर उजाडला: गुन्हा नोंदवा.

आम्ही संदीपचं मशीन टेम्पोत घालून पोलीस ठाण्यात नेलं. तोच फौजदार. बा खुर्चीवर बसला, हात मांडीवर ठेवलेले, मनगटं वाकडी सांधलेली. त्यानं ते अजून बघितलं नव्हतं. बाविसावं मिनिट आलं.

"हितं थांबव," बा म्हणाला.

मी थांबवलं. पडद्यावर त्याचे दोन्ही हात वर, हलगी बाजूला सारताना. बा खुर्चीतनं पुढं वाकला आणि ते हात बघत बसला. मग म्हणाला, "लाव पुढं. सायबाला बघू दे."

फौजदारानं बघितलं. फिर्याद लिहिली. नावं घातली, गोरक्षनाथाचं पहिलं. मग शाईची डबी सरकवली. "बन्सी, अंगठा लाव."

"सही करनार."

"तुझ्यानं व्हायची न्हाई बाबा. लाव अंगठा, मला बंदोबस्ताला जायचंय."

"थांबा की सायब. तुमी पाच म्हैनं थांबलात."

त्यानं पेन दोन बोटांच्या बेचक्यात अडकवलं आणि दुसऱ्या हातानं तो हात ढकलायला लागला. ब झाला. पेन पडलं. मी उचलायला वाकलो तर डोळ्यानंच थांबवलं, स्वतः उचललं. न झाला. कपाळावरचा घाम कागदावर पडला. फौजदार घड्याळ बघत होता. मग सी, आणि शेवटी नावावरची रेघ नागमोडी गेली, कागदाच्या कडेपर्यंत गेली, पण सुटली कुठं नाही.